फ्रिज भरायची घाई नाही, पॉलिसी परत करायची आहे

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): आम्ही दोघे नोकरी करतो. मी ३१ वर्षांची, मिस्टर ३४. ठाण्यातले भाड्याचे घर सोडून गेल्या महिन्यात बदलापूरला स्वतःच्या टू बीएचकेमध्ये राहायला आलो. आधीचा फ्रिज घरमालकांचा होता, त्यामुळे आता सगळे शून्यापासून. नवीन ३५० लिटरचा फ्रिज आलाय, आत पाण्याच्या बाटल्यांशिवाय काही नाही. आमच्या क्रेडिट कार्डावर सुपरमार्केटमध्ये १५,००० च्या खरेदीला १० टक्के सूट आहे. यादी सोबत पाठवते. एकदाच भरून टाकावा की लागेल तसे आणावे? फ्रिज भरलेला असला की बाहेरून मागवणे बंद होईल असे वाटते. त्यावर महिन्याला ९,००० जातात आणि मिस्टरांना बीपीची गोळी चालू आहे. दोघांचा हातात येणारा पगार १,१२,०००. गृहकर्जाचा हप्ता ४५,५००. कार्डावर शिफ्टिंगचे ३८,००० बाकी आहेत, सध्या मिनिमम भरतो. बाकी गुंतवणुकीचे बँकेतल्या मॅडमनी बघितले आहे: वर्षाला १ लाख, १० वर्षे भरायचे, २० वर्षांनी २१ लाख गॅरंटीड. पहिला हप्ता शिल्लक बचतीतून दिला. पॉलिसीची फाइल ६ तारखेला कुरिअरने आली, अजून उघडलेली नाही. गृहकर्जाबरोबर मिस्टरांच्या नावे विमाही घेतला आहे, त्याचा २,४०,००० चा हप्ता कर्जातच जोडला, त्यामुळे ती काळजी नाही.

उत्तर: तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. १५,००० चा फ्रिज भरू नका. पहिल्या खेपेला ३,००० पुरतात.

यादी पाहिली. त्यातले बटाटे, कांदे, केळी आणि मध फ्रिजमध्ये ठेवायचेच नसतात. सॉस, मेयोनीज आणि स्प्रेडच्या मिळून अकरा बाटल्या आहेत. दोन माणसांच्या घरात त्या एकदम उघडल्या जातात आणि एकदमच फेकल्या जातात. भाजी महिन्याची म्हणून लिहिली आहे, पण पालेभाजी तीन-चार दिवसांपलीकडे जात नाही आणि पाचव्या दिवशी तुम्ही स्टेशनबाहेरून ताजी घेणारच. दूध, दही, लोणी, अंडी, लिंबू, आले-लसूण, मिरची-कोथिंबीर, आठवड्याची भाजी आणि फ्रीझरमध्ये मटार, एवढ्यावर घर सुरू होते. पुढची प्रत्येक वस्तू ती लागेल त्या आठवड्यात आणा. फ्रिज रिकामा दिसतो हा खर्चाचा निकष नव्हे. शिवाय आत थंड हवा फिरायला थोडी मोकळी जागा लागतेच.

आता ती सूट. १५,००० वर १० टक्के म्हणजे १,५००. तुमच्या कार्डावर ३८,००० थकलेले आहेत. बहुतेक कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, त्यावर १८ टक्के जीएसटी. गोळाबेरीज महिन्याला दीड हजारांच्या वर. म्हणजे सूट जेवढी मिळणार, तेवढे व्याज तुम्ही याच महिन्यात त्याच कार्डाला देताय. आणि थकबाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, ज्या दिवशी कार्ड घासले त्या दिवसापासून मीटर सुरू. मिनिमम भरल्याने फक्त दंड आणि बँकेचे फोन टळतात, कर्ज जागच्या जागी राहते.

बाहेरून मागवणे बंद होईल ही आशा मात्र मला खोडायची नाही, फक्त तिची जागा बदलायची आहे. पावणेनऊला लोकलमधून उतरून घरी आलेला माणूस चीज आणि मेयोनीज बघून स्वयंपाकाला लागत नाही. भिजवून शिजवलेले छोले, मळलेली कणीक, चिरलेली भाजी, खवलेला नारळ दिसला तर लागतो. रविवारी दोन तास दोघांनी मिळून द्या. शिजवलेले फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, त्यापुढचे फ्रीझरमध्ये टाका. एवढे करूनही पहिल्या महिन्यात ९,००० चे शून्य होणार नाही. सहा झाले तरी मी समाधानी असेन.

इथे तुमचा प्रश्न संपला. आता तुम्ही न विचारलेले.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून टाकले की पॉलिसीची फाइल ६ तारखेला आली आणि उघडलेली नाही. तुमचे पत्र मला २४ तारखेला मिळाले. हे उत्तर प्रसिद्ध होईपर्यंत थांबलो असतो तर उशीर झाला असता, म्हणून त्याच संध्याकाळी तुम्हाला ईमेल केला आहे. आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत, पटली नाही तर परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. विमा कंपनी तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी हप्ता परत करते. तुमची मुदत पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या सुमारास संपते. ती गेली की हाच एक लाख सोडवायला वर्षभर थांबावे लागेल आणि तेव्हाही तो पुरता परत येणार नाही.

का परत करायची? बँकेतल्या मॅडमनी तुम्हाला सांगितले की दहाचे एकवीस होतात. होतात, पण २० वर्षांनी. वार्षिक परताव्यात मांडले तर ते पाच टक्क्यांच्या थोडे आतच येते. तुमचे गृहकर्ज साधारण साडेआठ टक्क्यांचे आणि २० वर्षांचे धरतो. म्हणजे एका काउंटरवर साडेआठने उसने घ्यायचे आणि शेजारच्या काउंटरवर पाचने ठेवायचे, दोन्ही काउंटर एकाच बँकेचे. गॅरंटी आहे ती या तोट्याची.

तोच लाख दरवर्षी, तीच दहा वर्षे, गृहकर्जात जादा भरलात तर कर्ज साधारण पाच वर्षे आधी फिटते. हप्ता तोच ठेवायचा, मुदत कमी करायची. पाच वर्षांचे ६० हप्ते, प्रत्येकी ४५,५००, म्हणजे २७ लाखांहून जास्त रक्कम भरायचीच नाही. समोर २१ लाखांची पॉलिसी. तुमचे कर्ज फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या दराचे असेल, आणि बहुधा आहेच, तर असे जादा भरण्यावर बँक दंड लावू शकत नाही. अर्थात दरवर्षी लाख उरेल की नाही ही शंका मलाही आहे. पण कर्जात एखाद्या वर्षी नाही भरले तर काही बिघडत नाही, पॉलिसीत बिघडते.

पत्र बँकेला नव्हे, विमा कंपनीला लिहा. पॉलिसी क्रमांक, मिळाल्याची तारीख, फ्री लूकमध्ये रद्द करत आहोत हे एक वाक्य आणि बँक खात्याचा तपशील पुरे. ईमेल करा आणि कंपनीच्या शाखेत प्रत देऊन पोच घ्या. कुरिअरचे पाकीट फेकू नका, तारखेचा तोच पुरावा. पुढच्या हप्त्याचा ऑटो डेबिटही बंद करा. दोन दिवसांत मॅडमचा फोन येईल, नुकसान होईल म्हणतील, कदाचित ही पॉलिसी कर्जासाठी आवश्यक होती असेही. गृहकर्जासाठी विमा घेणे कायद्याने बंधनकारक नाही. व्याजदरात सवलत दिली असे म्हणाल्या, तर ती मंजुरीपत्रात लिहिलेली दाखवा म्हणा. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार, मग विमा नियामकाचे बीमा भरोसा पोर्टल आणि विमा लोकपाल.

लाखातले थोडे कापून जे परत येईल त्यातून आधी कार्डाचे ३८,००० पूर्ण फेडा. ३,००० फ्रिजला. उरलेले ५० हजारांहून जास्त पैसे बचत खात्यात राहू द्या, आज तुमच्याकडे अडीअडचणीला एक रुपया नाही. साडेपंचेचाळीस हजारांचा हप्ता असलेल्या घराला निदान चार महिन्यांचा खर्च बाजूला हवा. तो साठेपर्यंत कर्जात जादा भरायचा विचारही नको.

राहिला कर्जाबरोबरचा विमा, ज्याची तुम्हाला काळजी नाही. मला आहे. २,४०,००० कर्जात जोडले म्हणजे त्यावरही २० वर्षे व्याज. महिन्याला दोन हजारांच्या थोडे वर, २४० हप्ते, एकूण पाच लाख. त्या बदल्यात फक्त मिस्टरांना संरक्षण, तेही कर्जाबरोबर घटत जाणारे, आणि रक्कम आधी बँकेची. हप्ता मात्र दोघांच्या पगारातून जातो, तुमच्या पगाराला काहीच आधार नाही. याची फ्री लूकची मुदत बहुधा केव्हाच उलटली. मोडली तर किती परत मिळेल ते कंपनीकडून लेखी मागवा, पण आज मोडू नका. आधी दोघांचा स्वतंत्र टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा साधा विमा, सुरू होऊ दे, प्रत्येकी एक कोटीच्या आसपास. तुमचा वर्षाला साधारण दहा-बारा हजारांत होईल, मिस्टरांचा बीपीमुळे थोडा महाग. तो चालू झाला की मग मोडण्याचा हिशोब करू.

आणि त्या कर्जविम्याच्या कागदांत प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विम्यासाठी केलेल्या अर्जाची प्रत असेल, ती आजच काढून वाचा. असे फॉर्म अनेकदा बँकेतलेच कोणीतरी भरते आणि ग्राहक खुणा केलेल्या ठिकाणी सह्या करतो. रक्तदाबाच्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलेले असेल, आणि सहीच्या दिवशी गोळी चालू होती, तर पहिल्या तीन वर्षांत माहिती लपवली म्हणून कंपनी दावा नाकारू शकते. तसे असेल तर दुरुस्तीचे पत्र कंपनीला लगेच पाठवा. टर्म विम्याचा फॉर्म मिस्टरांनी स्वतःच्या हाताने भरावा, गोळीचे नाव आणि ती केव्हापासून चालू आहे ते लिहून.