'हो साहेब' म्हणजे होकार नव्हे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

अंबाजोगाईच्या कोर्टात तुझा जम बसतोय, हे वाचून बरं वाटलं. 'पक्षकार तोंडच उघडत नाहीत, जे विचारावं त्याला मान हलवतात,' असं लिहिलंयस. अगं, ज्यांचा जन्म मुकादम आणि सावकारापुढं उभं राहण्यात गेला, ते काळ्या कोटापुढं वेगळं काय करणार?

उचलीचंच बघ, म्हणजे ऊसतोडीला जायच्या आधी टोळीच्या मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यावर निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक मजूर धरतात, त्याला म्हणतात 'एक कोयता'. निघायच्या आधीच उचल खर्चून झालेली असते. कधी कधी उचलीच्या बाँडवर, म्हणजे करारावर, अंगठा आधी उठतो, आकडा मागून पडतो. वाद झाला की तोच कागद 'कबुली' म्हणून पुढं येतो. बाईच्या अंगठ्याचं तर बोलायलाच नको. पैसे बहुतेकदा तिच्या हातात पडलेलेच नसतात.

असा कागद आला की आधी विचार : अंगठा दिला तेव्हा खोलीत कोण कोण होतं? वाचून कुणी दाखवलं? खुर्चीवर कोण, खाली कोण? 'हे खरं का?' हे सगळ्यात शेवटी.

पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही, हे तुला पाठ आहेच. 1872 च्या पुरावा कायद्यात ते कलम 25 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात 23. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम 183 तुम्ही पोरं घाईत वाचता. कबुली द्यायला तू बांधील नाहीस, हे मॅजिस्ट्रेटनं आरोपीला सांगायचं. आणि तो 'नाही देत' म्हणाला, तर त्याला पोलीस कोठडीत धाडायला परवानगी द्यायची नाही. हे लिहिणाऱ्याला कोठडी ठाऊक होती!

आता तुझं ऑफिस. पक्षकारासोबत गावचा पुढारी येतोच : 'मी सांगतो मॅडम, त्याला काय कळतंय.' त्याला चहा पाज, पण बाहेर. बाईशी बोलताना दीर-सासरा नको. 'त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?' असं विचार आणि थांब. ती गप्प बसली म्हणून आपली वाक्यं तिच्या तोंडी घालू नकोस. काही जणी कधीच सांगणार नाहीत. गावात त्यांना राहायचंय, तुला नाही. राग धरू नकोस.

पुढच्या महिन्यात तिकडं येतोय. त्या उचलीच्या केसचा मूळ बाँड बघायला मिळेल असं कर. झेरॉक्स नको, मला आकड्याची शाई बघायचीय.

तुझा,
काका