पाणी कुठे चिकट असतं? ‘चिकटपणा’ आणि ‘श्यानता’

विचारणा अशी आहे: पोलादाच्या कारखान्यातल्या प्रवाहांवरचा मजकूर मराठीत आणताना ‘वितळलेल्या पोलादाचा चिकटपणा पाण्याइतकाच असतो, म्हणून पाणी वापरून प्रयोग करता येतात’ असं वाक्य तयार झालं. पण पाणी कुठे चिकट असतं? दुसरा शब्द आहे का?

आहे: श्यानता. मराठी विश्वकोशातही हाच शब्द आहे. संस्कृतात ‘श्यै’ म्हणजे थिजणं, त्यावरून श्यान. पुस्तकी वाटला तरी इथे त्याला पर्याय नाही, कारण चिकटायला दुसरी वस्तू लागते. श्यानता ही द्रवाच्या आतली बाब आहे; त्याचे थर एकमेकांवरून सरकताना होणारा अटकाव. तापमापी फुटली की पाऱ्याचे थेंब फरशीवर सैरावैरा पळतात, कशालाही चिकटत नाहीत. तरी पाऱ्याची श्यानता पाण्याच्या दीडपट आहे!

‘दाटपणा’ही नको, त्यात घनतेचा भास होतो. स्वयंपाकघरात आपण हा फरक बरोबर ओळखतो. पिठलं पळीवाढं झालं की नाही, हे ते पळीतून कसं पडतं यावरून ठरतं, वजनावरून नाही. पोलादाचा रस जड असतो, पण पातळ असतो. (‘रस’ मुद्दाम म्हणतो आहे. ओतकामात हाच शब्द चालतो, आणि लाव्हारस, शिलारस आपल्या ओळखीचे आहेतच.)

तुमच्या वाक्यात आणखी एक गोष्ट निसटली आहे. १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास या रसाची श्यानता पाण्याच्या सुमारे ६ पट असते आणि घनता ७ पट. श्यानतेला घनतेने भागलं की येणारा आकडा मात्र पाण्याच्या जवळपास येतो. त्याला शुद्धगतिक श्यानता म्हणतात, आणि जुळते ती हीच. म्हणून तर साच्यात पडण्याआधी रस ज्या भांड्यातून वाहतो ते टंडिश अ‍ॅक्रिलिकचं, पारदर्शक बनवून त्यात पाणी खेळवतात. पोटॅशियम परमँगनेटची जांभळी रेघ सोडली की ती कुठे वळते, कुठल्या कोपऱ्यात रेंगाळते, हे डोळ्यांनी दिसतं. खऱ्या रसात ते दिसणं शक्यच नाही. (टंडिशला ‘हौद’ करू नका. लॅडल (रस वाहून आणणारं मोठं भांडं) आणि साचा यांच्यामधल्या त्या भांड्याला कारखान्यात टंडिशच म्हणतात.)

मी वाक्य असं लिहीन: ‘पोलादाच्या रसाची शुद्धगतिक श्यानता जवळजवळ पाण्याइतकीच असते, म्हणून त्याचा प्रवाह पाण्यात अभ्यासता येतो.’