इंग्रजी संभाषणाचा सराव आणि भावना ओळखणारे सॉफ्टवेअर

आपल्या शाळेकडे आलेल्या प्रस्तावानुसार नववीची मुले टॅबसमोर इंग्रजीत बोलतील, सॉफ्टवेअर त्यांचा चेहरा व आवाज तपासून ‘घाबरलेला’, ‘कंटाळलेला’ असे शेरे देईल आणि तो अहवाल शिक्षकांकडे जाईल. हे घ्यावे का, असे आपण विचारले आहे. मी मराठी माध्यमाच्या मुलांना अनेक वर्षे इंग्रजी शिकवतो आहे आणि अशी साधने वर्गात वापरून पाहिली आहेत. माझ्या मते आवाजाचे मोजमाप जरूर घ्यावे. चेहऱ्यावरून भावना ठरवणारा भाग मात्र बंद ठेवावा, आणि तो बंद करता येत नसेल तर प्रस्ताव नाकारावा.

भीतीमुळे मुलांची वाचा बसते, हे विक्रेत्याचे म्हणणे खरेच आहे. एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परकी भाषा शिकतानाची भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली मांडली व ती आजही वापरली जाते. पण तिथे उत्तर विद्यार्थी स्वतः देतो. चेहरा वाचणारे यंत्र त्याला विचारतच नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा ‘ब्रिंग’चा भूतकाळ आठवत होता, त्याच्या भुवया आकसल्या, नजर छताकडे गेली आणि पडद्यावर ‘राग’ असे उमटले. तो शब्द वाचून मात्र तो खरोखरच गोंधळला व गप्प झाला. लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा सविस्तर आढावा घेऊन, केवळ चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना खात्रीने सांगता येत नाही, असा निष्कर्ष काढला. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपल्या चेहरा ओळखणाऱ्या सेवेतून भावना सांगण्याची सोय काढून घेण्याची घोषणा केली.

आवाजाच्या बाबतीतही जपूनच पावले टाकावीत. अशी यंत्रे पुष्कळदा अभिनय करून घेतलेल्या आवाजांवर शिकवलेली असतात. ‘रॅव्हडेस’ या प्रसिद्ध संग्रहात २४ व्यावसायिक कलाकार उत्तर अमेरिकी उच्चारांत ‘किड्स आर टॉकिंग बाय द डोअर’ यांसारखी दोनच वाक्ये निरनिराळ्या भावनांत म्हणतात. त्यावर घडलेल्या यंत्राला आपल्याकडच्या मुलाचा पाठ म्हटल्यासारखा एकसुरी स्वर दुःखाचा वाटला, तर नवल नाही. शिवाय आवाजावरून आवेग किती आहे हे बऱ्यापैकी कळते, पण तो आनंदाचा की भीतीचा हे कळणे अवघड असते, कारण स्वर दोन्हींत चढतो.

उपयोग होतो तो साध्या मोजमापाचा. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेले ‘प्रात’ हे मोफत सॉफ्टवेअर आवाजाची पट्टी, जोर आणि थांबे आलेखावर दाखवते. नवखा विद्यार्थी ‘माय फादर’ म्हणून थांबतो, ‘वर्क्स’नंतर पुन्हा थांबतो, मग ‘इन द’ पाशी अडतो. सराव वाढला की वाक्याच्या मधले थांबे कमी होतात आणि उरलेले थांबे वाक्य संपते तिथे येतात. हा बदल मुलाला स्वतःच्या दोन आलेखांत शेजारी-शेजारी दिसतो, आणि तो पाहताना त्याची कोणाशी तुलना होत नाही. मन कसे आहे, हे मी त्यालाच विचारतो: बोलण्याआधी आणि नंतर त्याने वहीत ‘निवांत’, ‘थोडी धडधड’ किंवा ‘खूप भीती’ यांपैकी एकावर खूण करायची. भीती लिहिणाऱ्याला मी पुढच्या खेपेला पूर्ण वर्गासमोर उभे करत नाही, एका मित्रासोबत बोलायला देतो.

कायद्याचाही विचार करावा. युरोपीय संघात २ फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय वा सुरक्षेची कारणे वगळता, शिक्षणसंस्थांमध्ये भावना ओळखणाऱ्या यंत्रणांना बंदी आहे. आपल्याकडील २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. शाळांना काही बाबतींत सूट असली, तरी पालकसभेत विषय मांडल्याशिवाय एकही रेकॉर्डिंग करू नये.

विक्रेता भेटायला येईल तेव्हा यंत्र कोणाच्या आवाजांवर शिकवले, रेकॉर्डिंग कुठे व किती काळ राहणार आणि अहवाल फक्त विद्यार्थ्यालाच दाखवता येईल का, हे लेखी मागावे. त्यानंतर पालकांच्या संमतीने पाच-सहा मुलांना बोलायला सांगून, त्यांनी वहीत केलेली खूण आणि यंत्राचा शेरा विक्रेत्याच्या समोरच ताडून पाहावेत.