फ्लाय फिशिंग लॉजला कधी जावं: मे की दिवाळी?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला कळला तो असा: फ्लाय फिशिंगला, म्हणजे पिसं-दोऱ्याच्या नकली किड्याने (फ्लायने) मासे पकडायला जायचंय, आणि मे महिन्यात दहा दिवस किंवा दिवाळीत आठवडाभर रजा मिळू शकते. पवईला आणि मैदानावर तुम्ही दोघांनीही कास्टिंगचा, म्हणजे फ्लाय नेमकी फेकण्याचा, सराव केलाय. हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यातल्या एका लॉजवाल्याने ‘मार्च ते ऑक्टोबर उत्तम सीझन’ असं कळवलंय, आणि बजेट ताणलं तर हिंदी महासागरातली सेशेल्स बेटंही मनात आहेत. तर महिना कुठला धरावा?

निकाल आधी सांगतो, कारणं मागून. हिमाचलची ट्राऊटच (गार पाण्यातला मासा) हवी असेल तर मे आणि दिवाळी दोन्ही सोडा आणि गणपती विसर्जन ते दसरा यांच्या मधले आठ दिवस काढा. ते शक्यच नसेल तर ठिकाण बदला. सुट्टी ठरलेली असली की नदी निवडायची असते, आणि आपण मुंबईकर नेमकं उलटं करतो. लॉज आधी आवडतं, मग त्यात रजा कोंबतो.

लॉजवाला खोटं बोलत नाहीये. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राऊटला बंदी असते, कारण ब्राऊन ट्राऊट त्याच थंडीत अंडी घालते. उरलेले आठ महिने परवाना काढून गळ टाकता येतो. ‘सीझन’चा अर्थ तेवढाच. त्या आठ महिन्यांत खोल्या रोज भाड्याने जातात, नदी मात्र रोज मासे देण्याच्या स्थितीत नसते.

तीर्थनचं वर्ष साधारण असं जातं. मार्च ते एप्रिलच्या मध्यापर्यंत पाणी कमी, काचेसारखं स्वच्छ आणि भयंकर गार. मासा तळाशी सुस्त पडलेला असतो. सकाळी सहाला उठून नदीत उभं राहण्यात मर्दुमकी आहे, पण उपयोग नाही. ऊन पात्रात उतरल्यावर, म्हणजे अकरा ते तीन, जे काय व्हायचं ते होतं. फ्लाय बारीक, निम्फ प्रकारची (पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखी), आणि तळाला घासत जाईल इतकी जड हवी.

एप्रिलच्या उत्तरार्धापासून वरचा बर्फ वितळायला लागतो, आणि तुमची मे महिन्याची सुट्टी बरोबर इथे येते. लोक म्हणतात ‘मेमध्ये पाणी जास्त असतं’. ते अर्धंच खरं. बर्फाच्या नदीला दिवसाचं घड्याळ असतं. दुपारच्या उन्हात वर वितळलेलं पाणी खाली पोचायला काही तास घेतं, म्हणून पहाटे नदी सर्वांत उतरलेली आणि त्यातल्या त्यात स्वच्छ, आणि दुपारनंतर चढलेली. सकाळी पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेला, अगदी रेषेवर एक दगड ठेवा. जेवायच्या वेळी तो दगड घोटाभर पाण्याखाली गेलेला दिसतो, आणि सकाळी बाटलीच्या काचेसारखं हिरवट असलेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालेलं असतं. म्हणजे मेमध्ये गेलातच तर मासेमारी उजाडल्यापासून दहा-साडेदहापर्यंत. मग जेवा, झोपा, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या वाटेवर फिरून या. आकाश दोन दिवस ढगाळ राहिलं तर नदी उतरते. त्या दिवशी आळस करू नका.

चढलेल्या पाण्यात आणखी एक गोष्ट होते. मधला प्रवाह जोरात असतो, त्यात उभं राहण्याची ताकद मासा फुकट घालवत नाही. तो काठाला येतो, मोठ्या दगडाच्या मागच्या संथ पाण्यात, कधी तर काठापासून हातभर अंतरावर. आणि आपण काय करतो? नवे वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक पँट) घातलेत म्हणून तडक गुडघाभर पाण्यात शिरतो, जिथे मासा उभा होता तिथेच. मेमध्ये पहिल्या दहा कास्ट कोरड्या जमिनीवरून, काठाला समांतर टाका.

जुलै ते सप्टेंबरचा मध्य याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. पाऊस, गढूळ पाणी, दरडी. जुलै २०२३ मध्ये ब्यासच्या खोऱ्यात महापुराने काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. या काळात लॉज स्वस्त मिळतं ते त्यामुळेच.

आणि मग येतो तो तुकडा ज्यासाठी मी एवढं टाइप करतोय. मुंबईतून पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. हिमाचलातून तो त्याआधी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास निघतो. इथे दादरला आपण छत्री घेऊन उभे असतो तेव्हा तिकडे नदी निवळत असते. पाणी भरपूर पण स्वच्छ, फार गार नाही. ट्राऊटला साधारण १० ते १५ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं, आणि त्यात अंडी घालण्याआधीची भूक. ब्राऊन ट्राऊटचा नर या दिवसांत पोटाकडे पिवळाजर्द होतो आणि आपल्या जागेत आलेल्या कशावरही चिडून धावतो. स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशासारखी दिसणारी फ्लाय, वर्षभर डब्यात पडून असते ती आता काढायची.

२०२६ पुरतं बोलायचं तर अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आणि दसरा २० ऑक्टोबरला. मध्ये पितृपक्ष येतो. पितृपक्षात बरेच लोक बुकिंग टाळतात, नदी पितृपक्ष पाळत नाही. खोली मिळते, भाव करता येतो, गाइड मोकळा असतो. दसऱ्यापासून मात्र सात दिवस कुल्लूचा दसरा चालतो, गावोगावचे देव पालख्यांतून तिकडे जातात, रस्ते भरतात. बघण्यासारखं आहे, पण ती वेगळी सहल ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलातच तर उथळ, बारीक खडीच्या जागी आजूबाजूपेक्षा उजळ, धुऊन काढल्यासारखे दिसणारे गोल पट्टे शोधा आणि त्यावर पाय देऊ नका. ती मादीने शेपटीने साफ केलेली अंड्यांची जागा असते.

आता दिवाळी. अधिक ज्येष्ठामुळे २०२६ ची दिवाळी पुढे गेलीय, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे हिमाचलात ट्राऊट बंद होऊन आठवडा झालेला असेल. ‘बघू या, गार्ड ओळखीचा आहे’ असं कोणी म्हणालं तर त्या लॉजचं नाव यादीतून काढून टाका. अशी ऑफर देणारे आहेत, म्हणून सांगतोय.

दिवाळीला देशातच राहायचं असेल तर महासीर, आपल्या नद्यांतला मोठा मासा. उत्तराखंडात पंचेश्वरला सरयू महाकालीला मिळते, आणि लॉजेस, खरं तर बहुतेक तंबूंचे कॅम्प, त्या संगमाच्या आसपास आहेत. पावसाळ्यात महासीर अंडी घालायला लहान नद्यांत वर चढतो आणि पाणी उतरलं की मोठ्या नदीत परततो. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा त्याच्या परतीचा काळ. नोव्हेंबर जसा पुढे सरकतो तसं पाणी गार होतं आणि मासा मंदावतो, म्हणून दिवाळीचे दिवस जरा काठावरचे आहेत. जमतात, पण लॉजवाल्याकडून गॅरंटी मागू नका.

गंमत म्हणजे तुमच्या मे महिन्यालाही पंचेश्वर हिमाचलपेक्षा चांगलं उत्तर आहे. महाकाली बर्फाच्या पाण्याची, सरयू मुख्यतः पावसाच्या आणि झऱ्यांच्या. मेमध्ये महाकाली राखाडी आणि गार होते, सरयू स्वच्छ आणि कोमट राहते. संगमाच्या खाली काही अंतर दोन्ही पाणी एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहतात आणि त्यांच्यात एक स्पष्ट शिवण दिसते. महासीर त्या शिवणीच्या स्वच्छ बाजूला उभा राहतो आणि गढूळ पाण्यातून भेलकांडत आलेलं चिंगळं उचलतो. फ्लाय गढूळ बाजूला टाकायची आणि शिवण ओलांडून स्वच्छ पाण्यात आणायची. तिथे फटका बसतो. गंगेवर ब्यासघाटला नयार मिळते, तिथेही हाच खेळ. अडचण एकच, मेमध्ये दुपारी पारा चाळीसच्या घरात असतो आणि तंबूत एसी नसतो. घरच्यांना हे आधी सांगा. महासीर सोडून द्यायचाच असतो, गळाचा काटा बिनदाताचा ठेवा. ट्राऊटचा ५ वेटचा रॉड (वेट म्हणजे रॉडच्या ताकदीचा आकडा) इथे चालणार नाही, किमान ८ हवा.

काश्मीरबद्दल दोन ओळी, कारण कोणीतरी विचारेलच. मोसमी पाऊस पीर पंजाल ओलांडून खोऱ्यात फारसा जोर धरत नाही, म्हणून हिमाचल गढूळ असताना जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मासेमारी चालू असते. लिद्दर नदीला कोलाहोई हिमनदीचं पाणी येतं, ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला दुधाळ आणि चढलेली असते. कोकरनागची बाजू झऱ्यांची, ती जास्त स्थिर. परवाना तिथे बीटप्रमाणे (नदीच्या ठरवून दिलेल्या पट्ट्याप्रमाणे) आणि दिवसाप्रमाणे मिळतो, तो मत्स्य विभागाकडून आधी पक्का करा. २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर कुठली ठिकाणं पर्यटकांना खुली आहेत तेही त्याच फोनवर विचारा.

सेशेल्स. इथे तुमची दिवाळी एकदम सोन्याची होते. मेपासून सप्टेंबरपर्यंत तिथे आग्नेयेचे व्यापारी वारे वाहतात, बाहेरच्या प्रवाळबेटांवरची फ्लाय फिशिंग लॉजेस जूनच्या आसपास बंद होतात आणि ऑक्टोबरला उघडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक वारा संपलेला आणि दुसरा सुरू न झालेला, समुद्र शांत. दुसरी गोष्ट कोळीवाड्यात कोणीही सांगेल: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग (भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी). लक्ष्मीपूजन अमावास्येलाच असतं, त्यामुळे दिवाळीचा आठवडा दरवर्षी उधाणाचाच. उधाणाच्या भरतीला जायंट ट्रेव्हली हा ताकदवान समुद्री मासा, ज्याला सगळे जीटी म्हणतात, फ्लॅट्सवर, म्हणजे सपाट तळाच्या उथळ पाण्यात, चढतो आणि ओहोटीला कडेवरून खाली उतरताना वाटेत येईल ते गिळतो. जीटीवाले म्हणूनच उधाणाचे आठवडे मागतात. बोनफिश हा तिथला दुसरा मासा मात्र भांगाच्या दिवसांत जास्त वेळ मिळतो, कारण पाणी तासन्‌तास गुडघ्याएवढं राहतं. तेव्हा कालनिर्णय समोर ठेवूनच तारखा घ्या. मुंबईहून सेशेल्सच्या माहे बेटाला थेट विमान आहे, पुढे बेटावर छोट्या विमानाने. खर्च माणशी लाखांत जातो, आणि जीटीसाठी १२ वेटचा रॉड लागतो. तो दिवसभर फेकण्याचा खांदा पवईच्या सरावाने तयार होत नाही. पहिली सहल म्हणून मी हे सुचवणार नाही.

(नाताळची रजा असती तर न्यूझीलंड म्हटलं असतं. तिथल्या बहुतेक नद्या १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल खुल्या असतात आणि डिसेंबर हा त्यांचा उन्हाळा. नमद्याच्या तळव्याच्या बुटांवर तिथे २००८ मध्ये बंदी आली, आणि विमानतळावर बुटांची माती तपासतात. असो.)

लॉजला फोन करताना ‘बेस्ट महिना कोणता’ विचारू नका, तुम्ही सांगाल तोच महिना बेस्ट निघतो. आज सकाळी सात वाजताचा आणि दुपारी तीनचा नदीचा व्हिडिओ मागा, एकाच जागेवरून काढलेला. नुसत्या माशाचा फोटो नको, तो कुठल्याही वर्षाचा असू शकतो. मुख्य नदी गढूळ झाली तर दुसरं पाणी कुठलं देणार ते विचारा. गुशैणीला तीर्थनला फलाचन येऊन मिळते. अशा उपनद्या बरेचदा आधी निवळतात, आणि तिथे न्यायला गाडी आहे का, तिचे पैसे वेगळे का, हे आत्ताच ठरवून घ्या. पाण्यामुळे मासेमारी बंद पडली तर दिवस पुढे ढकलता येतात का? याचं उत्तर लेखी घ्या. आणि गाइडशी स्वतः बोला. मालक खोली विकतो, गाइड नदीत उभा राहतो. त्याला विचारा की पाहुणे नसताना तू स्वतः कुठल्या आठवड्यात गळ टाकतोस. बहुतेक जण खरं सांगतात.

धरणाच्या खाली पाण्यात उतरू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. तीर्थन लारजीला ब्यासला मिळते आणि तिथे धरण आहे. जून २०१४ मध्ये त्याच्या खालच्या पात्रात फोटो काढत उभे असलेले हैदराबादच्या कॉलेजचे २४ विद्यार्थी अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. पहिल्या दिवशीच विचारून ठेवा की आपण जिथे उभे राहणार त्याच्या वर काय काय आहे.

एक साधा पाण्याचा थर्मामीटर दोरी बांधून खिशात ठेवा. २० अंशांच्या वर पाणी गेलं की ट्राऊटची मासेमारी थांबवा, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो आणि दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. तीर्थनला क्वचित वेळ येईल, पण मेमध्ये खालच्या भागात दुपारी बघून घ्या.

कास्टिंगचा सराव सुरू ठेवा. शिवाजी पार्कला करत असाल तर सातच्या आत आटपा आणि काट्याच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा, मागच्या कास्टमध्ये क्रिकेटवाली पोरं असतात. लांब फेकण्यापेक्षा सात-आठ मीटरवर फ्लाय हव्या त्या जागी पडते का ते बघा, डोंगरातल्या नदीत त्याहून लांब क्वचितच लागतं.

विसर्जनानंतरचे आठ दिवस निघतात का ते कळवा. लॉजवाल्याने व्हिडिओ पाठवला तर इथेच टाका, पाणी बघून फ्लायची यादी देतो.