भिशीची वही आणि सत्तेचाळिसावं वर्ष

"मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला. घरात आता फारसं काही उरलं नाही. काहीतरी सुरू करावंसं वाटतं, पण या वयात काय जमणार? आणि लोक काय म्हणतील?"

पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायका सल्ल्यासाठी हा प्रश्न इतक्यांदा घेऊन येतात की त्यातले शब्दही फारसे बदलत नाहीत. इथली हकिगत त्यातल्या एकीची, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. वय ४७, बी.कॉम., लग्नाआधी तीन वर्षं पतपेढीत नोकरी, नंतर २२ वर्षं घर.

त्या येतानाच निर्णय घेऊन आल्या होत्या. ३८,००० रुपये भरून केकचा कोर्स करायचा आणि एक गाळा भाड्याने घ्यायचा. केकच का, असं विचारलं तर म्हणाल्या, "सगळ्याजणी तेच करतात ना." रिकामपण असह्य झालं की माणूस हाताला लागेल तो मोठा निर्णय घेतो. म्हणून पैसे भरणं तीन आठवडे पुढे ढकलायला सांगितलं.

आधी शरीराकडे पाहिलं. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, आणि आली की भरपूर. रात्री तीनला घामाने जाग, दिवसभर चिडचिड. "माझ्यातला उत्साहच मेलाय," हे त्यांचं निदान. स्त्रीरोगतज्ज्ञांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलं. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, त्यामुळे जिना चढताना धाप लागण्यात स्वभावाचा काही संबंध नव्हता. पाळीच्या तारखा लिहून ठेवा. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात; त्यानंतर नुसता डाग दिसला तरी डॉक्टरांकडे जायचं. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कशातच गोडी राहिली नसेल, तर आयुष्याची नवी आखणी बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य बोलता येतं.

मग सात दिवसांचा तक्ता. सकाळी सहा ते रात्री दहा, तासाला एक चौकोन, त्यात तीनच अक्षरं: स्वतःचं काम 'स्व', दुसऱ्याचं 'दु', वाट पाहणं 'वा'. आठवड्याअखेर 'वा'चे २३ चौकोन भरले. कुरिअरची, गॅसवाल्याची, चारच्या चहाला कोण उठतंय याची, मुलाच्या फोनची वाट. वेळ होता, पण सगळा तुकड्यातुकड्यांत.

'स्व'चे चौकोन चारच होते. त्यातल्या एकात बारीक अक्षरात 'भिशी' लिहिलेलं. पुढच्या भेटीत वही आणायला सांगितली. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, उभ्या रेघा पट्टीने मारलेल्या. बारा जणी, महिना दोन हजार, नऊ वर्षं. "यात काय एवढं?" म्हणाल्या. त्यांनाच बेरीज करायला लावली: २५ लाख ९२ हजार रुपये. एवढा पैसा त्यांच्या हातून गेला आणि कधी एका रुपयाची तक्रार नाही. केकचा विषय त्या दिवशी आपोआप मागे पडला.

पुढची पायरी म्हणजे छोटी चाचणी, आणि तिला शेवटची तारीख हवीच. सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, दोन-दोन तास, म्हणजे एकूण ४८ तास. खर्चाची मर्यादा आधी ठरवलेली. जवळच्या क्लासमध्ये टॅली, म्हणजे संगणकावर हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर, शिकायचं, आणि तोवर नातेवाइकांच्या ग्रुपवर एक अक्षर नाही. आधी गाजावाजा झाला की सोडणं अपमानाचं होतं आणि चालू ठेवणं नाइलाजाचं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी क्लास बुडवला. कारण गुडघ्याचं सांगितलं. खोदून विचारल्यावर डोळे भरून आले: "वीस वर्षांची मुलं भराभर करतात, माझ्या डोक्यातच शिरत नाही." क्लासमध्ये बसता कशा, तेवढं करून दाखवायला सांगितलं. हनुवटी वर, मान मागे, डोळे बारीक. चष्मा वाचनाचा, म्हणजे हातातल्या पुस्तकाच्या, साधारण ३५-४० सेंटिमीटर अंतराचा. संगणकाचा पडदा असतो ५० ते ७० सेंटिमीटरवर. अक्षरच धूसर दिसत होतं, डोक्यात शिरणार कुठून? पडद्यापर्यंतचं अंतर घरी टेपने मोजून डॉक्टरांना सांगितलं आणि वेगळा नंबर करून घेतला. या वयात 'मी मंद झाले' असं ठरवण्याआधी चष्मा तपासा. किती जणी एवढ्यावरून माघारी फिरतात, याचं खरंच वाईट वाटतं.

घरचं अवघड गेलं. "आपल्याला पैशाची गरज आहे का?" हा यजमानांचा प्रश्न. त्यांना एकदा सोबत बोलावलं. मदत करतो म्हणाले आणि आठ दिवस केलीही. नवव्या दिवशी "पीठ संपलंय हे सांगितलं नाहीस" यावरून वाजलं. मदत इथेच मोडते: काम दुसऱ्याकडे जातं, लक्षात ठेवणं मात्र बाईकडेच राहतं. म्हणून सगळ्या कामांत थोडी थोडी मदत नको, एकच काम पूर्ण सोपवा. इथे रात्रीचं जेवण सोपवलं. काय करायचं, काय आणायचं, काय संपलंय, सगळं यजमानांचं. आणि खिचडी पातळ झाली तरी "द्या, मी करते" म्हणायचं नाही. ही अट त्यांना टॅलीपेक्षा जड गेली.

सहा आठवड्यांनी त्यांनी पुढे जायचं ठरवलं. शेजारच्या गृहनिर्माण संस्थेचे हिशेब घेतले, मग आणखी एकीचे. जुलैत तिसरी संस्था विचारायला आली. संस्थांचं हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, त्यामुळे ते महिने कामाचेच. त्यांनी उत्तराला दोन दिवस मागून घेतले, तक्ता काढला, चौकोन मोजले आणि कळवलं: ऑक्टोबरनंतर या.