अकूस्टिक गिटारवर गाणारे गायक-गीतकार इतके सारखे का वाटतात? एकमेकांची नक्कल करतात का?

बहुतेक वेळा नक्कल नसते, सामानच तेच असतं. एक गिटार, एक आवाज आणि जी, सी, डी, ई मायनर हे हाताला सोपे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह). पट्टी बदलायची तर कॅपो (गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा) सरकवायचा, बोटं तीच. अंगठा जाड तारांवर आलटून पालटून आणि बाकीची बोटं बारीक तारांवर, ही अमेरिकन गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत तर असंख्य जण वाजवतात. २०२३ मध्ये गाण्याची नक्कल केल्याच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या ज्युरीनेही ब्रिटिश गायक-गीतकार एड शीरनच्या बाजूने कौल दिला. तिथे वाद मुख्यतः कॉर्डच्या क्रमाचाच होता. बॉब डिलनवरही सुरुवातीला आधीच्या पिढीतल्या लोकगायक वुडी गथ्रीची दाट छाप होतीच.

मला खटकते ती गळ्याची उसनवारी: तोच कुजबुजता स्वर, शब्द तसेच चावून म्हणणं. शंका आली तर गाणं बंद करून नुसते शब्द वाचा. स्वतःचं काही असेल तर तिथे लगेच दिसतं.