मुंबईतल्या कूपरेज फुटबॉल मैदानाचा इतिहास काय आहे?

मंत्रालयापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हे मैदान आहे. इंग्रजांच्या काळात इथे लाकडी पिंपं बनवणाऱ्यांच्या शेड होत्या, त्यावरूनच हे नाव पडलं.

मैदानाला खरी ओळख दिली ती रोव्हर्स कपने. मुंबईत 1891 मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा सुरुवातीची बरीच वर्षं गोऱ्या लष्करी पलटणींचीच होती. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्सने ती जिंकली आणि पहिल्यांदा कप भारतीय संघाकडे आला. पुढे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 सलग पाच वेळा कप नेला. माझ्या मते भारतीय क्लब फुटबॉलमधला हा सर्वात मोठा पराक्रम, आणि आज तो कोणाला ठाऊकच नसतो, याचं फार वाईट वाटतं.

त्या काळी गिरण्या आणि कंपन्या खेळाडूंना नोकरी देऊन संघ चालवायच्या: टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया. गिरण्या बंद पडल्या, कंपन्यांनी हात आखडते घेतले. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेडही 2010 मध्ये बंद झाला. रोव्हर्स कप तर त्याआधीच, 2000-01 नंतर थांबला होता.

आता तिथे कृत्रिम टर्फ आहे. स्लाइडिंग टॅकल केली, म्हणजे घसरत जाऊन चेंडू काढून घेतला, की चिखलाऐवजी गुडघ्याला काळे रबराचे दाणे चिकटतात. स्थानिक लीगचे सामने होतात तेव्हा जरूर जा, पोरं जीव तोडून खेळतात.